गाडीत अण्णा, ऑफिसात साहेब

“बघून आलात काय?”

कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न हा. चष्मा कपाळावर चढवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि विचारायचे. नवलूरजवळ पूल खचलाय म्हणे. “बघून आलात काय?” कोप्पीकर रोडवर नवीन हॉटेल निघालंय, डोसा झकास मिळतो. “खाऊन आलात काय?” समोरचा कन्नड बोलणारा असला तर तोच प्रश्न कन्नडमध्ये: “नोडकोंड बंद्रेनु?” बहुतेक वेळा समोरचा बघून आलेला नसायचा. मग ते चष्मा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, “मग जाऊन या की.”

त्यात टोमणा नसायचा. खरंच जाऊन यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण अशा माणसाजवळ बसून गप्पा मारणं किती अवघड असतं, हे तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, हुबळीतल्या रस्ते खात्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा. ते तिथं इंजिनियर होते. मी धारवाडची, मळमड्डीची, ते सप्तापूरचे. दोघांच्याही घरी मराठी, ऑफिसात कन्नड. सकाळच्या पॅसेंजरनं धारवाडहून निघायचं, पाऊण तासात हुबळी. संध्याकाळी तसंच परत.

गाडीत त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मीही म्हणायची. हुबळी स्टेशनवर उतरून रस्ता ओलांडला, की समोर आमचं ऑफिस. फाटकातून आत पाऊल टाकलं की मी त्यांना साहेब म्हणायला लागायची. सुरुवातीला माझी गडबड व्हायची. एकदा मी भर ऑफिसात, शिपायासमोर, “अण्णा, ही सही राहिली,” म्हणाले आणि जीभ चावली. त्यांनी सही केली आणि हळूच म्हणाले, “अजून गाडीतनं उतरली नाहीस होय?”

खात्याची जीप होती. ती घरापर्यंत न्यायला त्यांना कुणी मना केलं नसतं. बाकीचे नेत. हे म्हणत, “जीप कामासाठी आहे. घरी जाणं हे काम नाही.” आयुष्यभर रस्ते बांधणारा हा माणूस रोज रेल्वेनं येतो, याची गाडीतल्यांना फार गंमत वाटायची. “अण्णा, तुमच्या रस्त्यावर तुमचाच विश्वास नाही!” असं कुणीतरी रोज म्हणायचं आणि अण्णा रोज तेवढंच हसायचे.

गाडीत त्यांची खरी जोडी होती ती मास्तरांशी. मास्तर हुबळीच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि राहायला आमच्याच गल्लीत, मळमड्डीत. उंच, कडक इस्त्रीचे, आवाज वर्गात बोलल्यासारखा. स्टेशनवर रोज एकच पेपर विकत घेतला जायचा. मास्तरांनी बाहेरची पानं घ्यायची, अण्णांनी आतली. वाटेत उणकल स्टेशन आलं की अदलाबदल. मग हुबळीपर्यंत वाद. वाद कशावरही चाले, आणि मास्तर जिंकत. कारण अण्णा मध्येच थांबून म्हणायचे, “हे मला बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही,” आणि मास्तरांना कधीच काही बघायची गरज पडत नसे.

मग रेल्वेलाइन मोठी करायचं काम निघालं. काही महिने गाड्या बंद. आम्ही सगळे बसमध्ये उभ्यानं. लाइन झाली, लांबच्या गाड्या वाढल्या, पण आमची पॅसेंजर मात्र वाटेत थांबून त्या लांबच्या गाड्यांना वाट देऊ लागली. मास्तर चिडले. त्यांनी प्रवाशांचा संघ काढला आणि स्वतः चिटणीस झाले. मागणी सरळ होती. हुबळी-धारवाडमध्ये दर अर्ध्या तासाला गाडी पाहिजे, मधे दोन-तीन नवीन थांबे पाहिजेत, आणि रेल्वे दिल्लीची असली तरी खर्चाचा वाटा राज्य सरकारनं उचलावा.

त्याच सुमाराला दुसरा गट उभा राहिला. त्यांना दोन शहरांमधला रस्ता रुंद करून हवा होता. त्यांचे एक पुढारी होते, विधानसभेत वजन असलेले. ते म्हणत, रेल्वेला पैसे द्यायचे म्हणजे आपल्या ताटातलं दिल्लीला वाढायचं. रस्ता आपला, रोज डोळ्यांना दिसतो. विरोधातले पुढारी लगेच रेल्वेच्या बाजूनं गेले. सभा झाल्या, निवेदनं गेली, एक दिवस धारवाड बंदही झालं. भांड्यात पाणी तांब्याभर आणि बुडवणारे तांबे दोन, अशी गत. शेवटी बेंगळूरहून आमच्या ऑफिसला पत्र आलं: दोन शहरांमध्ये लोक कसे जातात-येतात, याची पाहणी करून अहवाल द्या. पैसे कुठं घालायचे, ते मग ठरेल.

पाहणी साहेबांकडे आली.

त्या दिवशी संध्याकाळी डब्यात आनंदीआनंद. मास्तरांनी स्टेशनबाहेरून सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणलं, कागदाच्या पुड्यांत. “आता काळजी नाही. आपला माणूस लिहिणार!” अण्णांनी चुरमुरे चावत मान हलवली. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा तसंच वाटत होतं. गाडीच पाहिजे, असंच.

अशी पाहणी म्हणजे नाक्यावर बसायचं आणि वाहनं मोजायची, अशी पद्धत. साहेबांनी ती बदलली. ऑफिसातल्या आम्हा पाच-सहा जणांना त्यांनी बस स्टँडवर, स्टेशनवर आणि नवनगरच्या नाक्यावर उभं केलं आणि सांगितलं, “वाहन मोजू नका. माणसाला विचारा. घरातनं कुठून निघालात, आणि शेवटी कुठं पोचायचंय. दोनच प्रश्न.” ते स्वतः दिवसभर उन्हात उभे. मी त्यांच्याबरोबर हुबळी स्टेशनच्या फाटकावर होते.

नवलूरची एक पेरूवाली गाडीतून उतरली. डोक्यावर मोठी पाटी. साहेबांनी विचारलं, “अक्का, कुठं निघाला?”

“दुर्गदबैलच्या बाजारात.”

“रोज रेल्वेनंच येता?”

“नाही हो. आज बस चुकली,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “रेल्वेत पेरू चेंगरत नाहीत ते खरं. पण शेतातनं स्टेशन लांब, आणि इथनं बाजार लांब. दोन्हीकडं माझीच मान. बस बाजाराच्या तोंडाशी सोडते.” मग तिनं उलट विचारलं, “तुम्ही कुठं जाणार?”

साहेबांनी समोरच्या ऑफिसाकडे बोट दाखवलं.

“तेच की,” ती म्हणाली, आणि पाटी सावरून चालू लागली.

ते बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मला तेव्हा काही कळलं नाही. आठवड्यानं सगळे कागद एकत्र झाले, त्यांची मांडणी झाली, आणि साहेबांनी मला आत बोलावलं. चष्मा टेबलावर काढून ठेवला होता.

“माझी स्कूटर मी धारवाड स्टेशनवर ठेवतो. हुबळीत उतरलो की समोर ऑफिस. मास्तरांच्या घरामागं स्टेशन, आणि त्यांची शाळा हुबळी स्टेशनपासून दोन पावलं. म्हणून आपल्याला गाडी बरी. सगळ्यांची घरं स्टेशनजवळ नाहीत गं. विद्यापीठ, दवाखाना, कोर्ट, बाजार… लोकांना जायचंय तिथं गाडी जातच नाही.”

“मग काय लिहायचं, साहेब?”

“बघितलं ते.” आणि चष्मा उचलत म्हणाले, “मला हे नको होतं.”

त्यांनी अहवाल लिहिला, मी टाइप केला. थोडक्यात असं, की हातात आहे तेवढा पैसा आधी रस्त्यावर खर्च करावा. पण शेवटाकडे एक पान होतं. त्यात लिहिलं होतं, की नुसता रुंद केलेला रस्ता थोड्या वर्षांत मोटारींनी परत भरेल. म्हणून मधल्या दोन पट्ट्या फक्त बसगाड्यांसाठी राखाव्यात. बसगाड्या स्टेशनाला जोडाव्यात. आणि रेल्वेच्या कडेची जमीन कुणाला बांधायला देऊ नये, कारण पुढं गाडी लागणारच आहे, तेव्हा राज्यानं तिचा वाटा द्यावा. त्या पानावर त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. कच्चं टाइप करून झाल्यावर चार शब्द बदलून परत पक्कं करायला लावलं.

अहवाल पुढं गेला आणि दोन दिवसांत ते रस्तेवाले पुढारी स्वतः ऑफिसात आले. दार उघडंच होतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, फार छान काम. तुम्ही आमच्या बाजूनंच लिहिलंय. मग हे एक पान कशाला?”

“ते त्याच कामातलं आहे.”

“बसला दोन पट्ट्या दिल्या तर मोटारवाल्यानं काय करायचं? आणि रेल्वेकडेची जमीन राखा म्हणता. तिथं लोकांचे प्लॉट पडलेत.”

“बघून आलोय मी. सगळे प्लॉट अजून विकले नाहीत. आता थांबवलं तर थांबेल.”

पुढारी हसले. “तुम्ही रिटायर कधी होताय?”

“पाच वर्षं आहेत.”

“मग आरामात राहा की,” असं म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर बाहेर असताना त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. ते पान काढायचं. पुढची पानं परत टाइप करून आकडे जुळवून घ्यायचे, मधे काही गेलंय असं दिसता कामा नये. “बदल्यांची यादी निघायचीय,” तेही ते सहज बोलल्यासारखं बोलले. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी खुर्चीवर येऊन बसले आणि टाइप करायला घेतलं. एकही चूक केली नाही.

संध्याकाळी मी गाडीत त्यांच्या समोर बसले आणि सांगून टाकलं. रडूच आलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. म्हणाले, “तू टाइप केलंस ते बरं झालं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चुका राहिल्या असत्या. माझ्या नावावर जाणार ते.” आणि माझ्यापुढं पाण्याची बाटली धरली.

दुसऱ्या दिवशी नवा अहवाल सहीला आला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सही केली. आणि सहीखाली, शाईच्या पेनानं, कन्नडमध्ये एक ओळ लिहिली: यातलं एक पान माझी संमती नसताना काढलेलं आहे. वरच्या अधिकाऱ्यांनी ती ओळ न बघताच पाकीट बंद केलं असावं. सही कुणी वाचत नाही.

वर्तमानपत्रात फक्त एवढंच आलं, की खात्याच्या अहवालानं रस्त्याच्या बाजूनं कौल दिला. त्या सकाळी आम्ही नेहमीसारखे डब्यात चढलो. अण्णा नेहमीच्या जागी बसले. मास्तरांनी पेपर घेतलेला होता. अण्णांनी सवयीनं हात पुढं केला. मास्तरांनी अख्खा पेपर घडी करून पिशवीत ठेवला.

“मास्तर, बोला की काहीतरी,” अण्णा म्हणाले.

“काय बोलायचं? अठरा वर्षं या बाकावर बसलात. याच गाडीच्या मानेवर सुरी फिरवलीत.”

“मी लोकांना विचारलं, मास्तर.”

“आम्ही लोक नव्हतो काय?”

अण्णांकडे याला उत्तर होतं. काढलेल्या पानाबद्दल ते त्या क्षणी सांगू शकले असते. ते काही बोलले नाहीत. का, ते मी पुढं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांना चिडायचं होतं. चिडू द्यावं माणसाला.” मीही गप्प बसले. मला तर बोलायचं तोंडच नव्हतं.

महिन्याच्या आत त्यांची विजापूरला बदली झाली. निघायचा दिवस आणि संघाच्या निदर्शनाचा दिवस एकच निघाला, हा योगायोगच. धारवाड स्टेशनबाहेर अहवालाची होळी करायचं ठरलेलं. पन्नासएक माणसं, घोषणा, आणि मधे मास्तर, हातात काड्यापेटी. कुठून तरी मिळवून अहवालाच्या झेरॉक्स प्रती काढल्या होत्या. मी अण्णांना पोचवायला आले होते. ते वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन रिक्षातून उतरले. गर्दी जरा बाजूला सरकली. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि काडी ओढली.

अण्णा थांबले. चष्मा वर केला.

“वाचून जाळताय ना?”

मास्तरांनी हातातल्या प्रतीकडे बघितलं. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यांनी ती टाकली. मग दुसऱ्या कुणीतरी पेटवलं. अण्णा ट्रंक उचलून आत गेले.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मास्तर आमच्या दारात उभे. हातात एक न जळलेली प्रत. त्यांनी बसूनसुद्धा घेतलं नाही. शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलं, “ही सहीखालची ओळ काय आहे? कुठलं पान?”

मी म्हणाले, “पान माझ्याकडं नाही. पण दोनदा टाइप केलंय. पाठ आहे.”

आणि मी म्हणून दाखवलं. मधल्या दोन पट्ट्या, बसगाड्या, रेल्वेकडेची जमीन, राज्याचा वाटा, सगळं. ते कुणी काढायला लावलं तेही सांगितलं, आणि काढलं मी, तेही. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी प्रतीची व्यवस्थित घडी घातली.

“मला का नाही सांगितलं त्यानं?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ते तसेच निघून गेले. पुढच्या निवेदनापासून संघाची मागणी बदलली: आधी ते पान परत आणा. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना ती नको होती. रेल्वेवाल्या पुढाऱ्यांना बसच्या पट्ट्या नकोत, रस्तेवाल्यांना रेल्वेसाठी जमीन राखणं नको. निवडणुका झाल्या, सरकार बदललं, पैसे दुसरीकडं गेले. रस्ता तुकड्या-तुकड्यांनी रुंद झाला, उणकलच्या तळ्याकडची मोठी झाडं गेली. आमच्या पॅसेंजरला दोन डबे जास्त लागले. रेल्वेच्या कडेला घरं उभी राहिली. हिशेब एवढाच.

मास्तरांनी मात्र विजापूरला एक पत्रही लिहिलं नाही. मी म्हणायची, दोन ओळी तरी टाका. ते म्हणत, “काय लिहू?” गणिताच्या माणसाला चुकलेलं उत्तर खोडता येतं, सगळ्यांसमोर खोडता येत नाही. अण्णा महिन्यातून दोनदा घरी यायचे, रविवारी परत जायचे. त्यांच्या पत्नीचे, काकूंचे, गुडघे दुखायचे, आणि एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या. मी अधूनमधून जायची. त्या कधी तक्रार करत नसत. एकदाच म्हणाल्या, “एका पानासाठी पाच वर्षं, गं.” पण पुढं लगेच, “नसतं लिहिलं तर घरात बसून मलाच छळलं असतं.”

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. पण आठवण काढायला बसले, की मला दिसतात ते रिटायर होऊन परत आले त्या दिवशीचे.

मास्तर स्वतः आमच्याकडं आले होते. “तो उद्या संध्याकाळच्या गाडीनं येणार. आपण स्टेशनवर जायचं.” डब्यातली जुनी सात-आठ माणसं त्यांनी गोळा केली. हार सांगितला तो एवढा मोठा, की दोघांनी धरावा लागला. आम्ही प्लॅटफॉर्मवर उभे. गाडीला उशीर. तास गेला, आणखी अर्धा तास गेला. मास्तर इस्त्रीच्या शर्टात घामाघूम, पण हार खाली ठेवायला तयार नाहीत. शेवटी गाडी आली. सगळे डबे बघितले. अण्णा नाहीत.

कुणीतरी म्हणालं, आजारी तर पडले नसतील? मास्तरांचा चेहरा उतरला. तसेच हार घेऊन आम्ही दोन रिक्षांतून सप्तापूरला गेलो.

अण्णा अंगणात बनियनवर, तुळशीला पाणी घालत होते.

“हे काय?” मास्तर फाटकातूनच ओरडले. “तू गाडीत नव्हतास?”

पाच वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

“दुपारी विजापूर स्टेशनवर चौकशी केली. गाडी दीड तास लेट म्हणाले,” अण्णा म्हणाले. “मग बसनं आलो. येऊन तास झाला. तुम्ही स्टेशनवर होता काय?”

मग काकू हसायला लागल्या, दारात गुडघा धरून, आणि सगळेच हसले. मास्तर हसले नाहीत. ते पुढं गेले, तो दांडगा हार त्यांनी बनियनवरच अण्णांच्या गळ्यात घातला, आणि हार सोडायचं विसरून तसेच उभे राहिले. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता.

“झारी घ्या जरा माझ्या हातातली,” अण्णा म्हणाले. “सांडतंय.”

चहा झाला, उप्पिट झालं, पेरूवालीची गोष्ट सांगून झाली. बाकीचे गेले. मास्तर उठले तेव्हा अण्णा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला निघाले. गेटच्या बाहेर पडले आणि मास्तर म्हणाले, “तरीसुद्धा सांगतो, थांबे वाढवले असते तर त्या पेरूवालीलासुद्धा गाडीच परवडली असती.” अण्णा थांबले, हात वर करून काहीतरी म्हणाले. मास्तरांनी त्याहून मोठ्या आवाजात उत्तर दिलं. दोघं चालू लागले. रिकामी रिक्षा आली, शेजारून निघून गेली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही. खोल्यांवर राहणारी कॉलेजची पोरं बाजूला होऊन वाट देत होती. बनियन, लुंगी आणि एवढा मोठा हार. कुणाची मिरवणूक, त्यांना कळेना.

“अहो, हार तरी काढा!” काकूंनी गेटमधून हाक मारली.

ऐकू गेलं नाही. कोपऱ्यावर ते दोघं वळले तेव्हा अण्णांचा एक हात हवेत होता.

काकूंनी माझ्या खांद्याला धरून गेट लावलं. “आत ये,” म्हणाल्या. “आता तासभर तरी ते येत नाहीत. तोवर भाकरीला पीठ मळू.”